मागच्याला काय दिसतं?

टेललाइटमध्ये दोन बल्ब जास्त बसवले की गाडी रात्री उठून दिसते. पण त्याच बल्बांमुळे ब्रेक दाबलेला कळेनासा झाला तर? लाखनीच्या अलीकडे, धानाच्या ट्रॉलीमागे घडलेला एक प्रसंग आणि त्यातून शिकलेलं थोडं फिजिक्स, थोडा कायदा.

दिवाळी झाली की आमच्या दादाला गाडीवर खर्च करायचा चेव येतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. गाडी म्हणजे एमएच ३६ पासिंगची सेकंड हँड हॅचबॅक, तीही बेस मॉडेल. आधी सीट कव्हर झालं, मग म्युझिक सिस्टिम झाली. गेल्या डिसेंबरात नंबर लागला टेललाइटचा. नागपूरहून त्याने आफ्टरमार्केट टेललाइटची जोडी आणली. कंपनीच्या दिव्यांपेक्षा स्वस्त आणि दिसायला दुप्पट भारी. घरी आणून बॉक्स उघडला तेव्हा मामीनेसुद्धा हात लावून पाहिला.

जोडी बसवली, रात्री लाइट लावले आणि दादाचा चेहरा पडला. दिव्यात एकूण चार खण होते. इंडिकेटरचा एक, टेल-ब्रेकचा एक, रिव्हर्सचा एक. चौथा खण लाल, आत चकचकीत रिफ्लेक्टरसारखा, पण त्यात बल्बच नव्हता. नुसता दिखावा! वर डावीकडच्या रिव्हर्सच्या खणातही बल्ब नव्हता, तो फक्त उजवीकडे होता. दादाला हवा होता पूर्ण लाल पट्टा. मग दुसऱ्या दिवशी आम्ही साकोलीला एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. मी सोबत गेले कारण मला कॉलेजच्या असाइनमेंटसाठी फोटो हवे होते. खोटं कशाला बोलू, मलाही तो पूर्ण लाल पट्टा बघायचाच होता.

रिकामा खण येतो कुठून?

आधी हा प्रश्न सोडवू, कारण तुमच्याही गाडीत असा खण असू शकतो. टेललाइट प्लास्टिकच्या साच्यातून निघते आणि साचा महाग असतो. म्हणून कंपन्या एकाच आकाराचा दिवा सगळ्या मॉडेल्सना वापरतात. वरच्या मॉडेलला सगळे खण भरलेले, बेस मॉडेलला एखादा रिकामा.

दुसरं कारण नियमांचं आहे. मागचा फॉग लॅम्प एकच असला तरी चालतो, आणि एक असेल तर तो ड्रायव्हरच्या बाजूला किंवा मधोमध असावा लागतो. म्हणजे आपल्याकडे उजवीकडे. मग डावीकडचा तसाच खण मोकळा राहतो, किंवा त्यात रिव्हर्स लाइट जातो. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आत मात्र वेगळ्या असतात. बाजारातला स्वस्त दिवा यातलं फक्त बाहेरचं रूप उचलतो. खण दिसतो, होल्डर नसतो.

त्यामुळे "एवढी जागा दिली आहे तर बल्ब बसवायलाच हवा" हे लॉजिक फसवं आहे. त्या जागेला बल्बची उष्णता सोसेल असं प्लास्टिक आहे का, आतला आरसा कामाचा आहे की नुसता रंग मारलेला, हे बाहेरून कळत नाही.

भोक, होल्डर, सिलिकॉन

काकांचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी दिवा काढला, चौथ्या खणाच्या मागून खुणा केल्या आणि ड्रिलने भोक पाडलं. जळक्या प्लास्टिकचा वास दुकानभर झाला. मग कानशीने भोकाला दोन खाचा केल्या, म्हणजे होल्डर आत घालून फिरवला की अडकतो. कडेने सिलिकॉन भरलं. होल्डरमध्ये २१ वॅटचा साधा, एका फिलामेंटचा बल्ब. दोन्ही बाजूंना एकेक. वायर आणली आणि सरळ पार्किंग लाइटच्या वायरला जोड दिला. म्हणजे पार्किंगचं बटण दाबलं की जुना टेल बल्ब आणि हा नवा बल्ब एकदमच लागणार. जाता जाता डावीकडच्या रिव्हर्सच्या खणातही बल्ब बसवला.

वायर जोडण्याआधी काकांनी एकदा विचारलं होतं, "पोरा, लाइट तं मस्त लागन, पन मांगच्याले ब्रेक समजन का?"

दादा म्हणाला, "समजन ना काका, तुमी लावा तं."

बटण दाबलं. पूर्ण लाल पट्टा पेटला. मी फोटो काढले, दादाने स्टेटस टाकलं.

लाखनीच्या अलीकडे

निघेपर्यंत सव्वासहा झाले होते. डिसेंबरात सव्वासहा म्हणजे मिट्ट अंधार. मामाचं गाव लाखनीजवळ आहे. दादा कारमध्ये पुढे, मी स्कूटीवर मागे. हा आपला मुंबई-कोलकाता हायवे. ट्रक, ट्रॅव्हल्स आणि त्या दिवसांत धान खरेदी केंद्राकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सगळे एकाच रस्त्यावर. बाजूच्या बांध्यांवरून धुकं हळूहळू रस्त्यावर यायला लागलं होतं.

मी पन्नासच्या स्पीडने असेन. पुढे दादाचा लाल पट्टा ठळक दिसत होता. खरं सांगायचं तर मला ते छानच वाटत होतं, कारण धुक्यात पुढची गाडी चुकत नव्हती. लाखनीच्या अलीकडे तो पट्टा अचानक मोठा व्हायला लागला. रंग तोच, उजेड तोच, फक्त मोठा होत गेला. माझ्या डोक्यात 'ब्रेक' हा शब्द आलाच नाही. तो आला तेव्हा कार माझ्यापासून चार-पाच मीटरवर होती. मी हँडल डावीकडे वळवलं, स्कूटी मुरमावर उतरली, घसरली आणि आडवी झाली. गुडघा सोलला, आरसा तुटला. मागे ट्रक नव्हता म्हणून हा लेख मी लिहिते आहे.

दादाने ब्रेक का दाबला? कारण त्याच्यापुढे धानाची पोती भरलेली ट्रॉली होती आणि तिला मागे एकही दिवा नव्हता. रिफ्लेक्टर नाही, पट्टी नाही, काहीच नाही. त्याला ती अगदी शेवटच्या क्षणी दिसली. एकाच रस्त्यावर एकामागे एक दोन वाहनं होती. एकाला मागे दिवाच नव्हता आणि दुसऱ्याला गरजेपेक्षा दोन जास्त होते. मागच्याला धड इशारा दोघांकडूनही मिळाला नाही.

घरी अंगणात आम्ही पुन्हा बघितलं. दादा गाडीत बसून ब्रेक दाबत होता, मी मागे उभी. जवळून थोडा फरक कळत होता. पन्नास पावलांवरून काहीच कळेना. मग मी गाडीत बसले आणि तो मागे गेला. "दाब," तो ओरडला. मी म्हटलं, "दाबूनच आहे ना, दादा." त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही.

पाच आणि एकवीस

बहुतेक गाड्यांच्या मागच्या दिव्यात बल्ब एकच असतो, पण आत फिलामेंट दोन. त्याच्या धातूच्या टोपीवर १२ व्होल्ट, २१/५ वॅट असं लिहिलेलं दिसेल. लाइट लावल्यावर ५ वॅटची फिलामेंट लागते, ब्रेक दाबल्यावर २१ वॅटची. वॅटमध्ये चौपटीहून जास्त फरक आहे. हा फरक हाच मागच्यासाठीचा इशारा. मागचा ड्रायव्हर लाल रंगाकडे बघून ब्रेक ओळखत नाही, कारण लाल तर आधीपासूनच आहे. तो ओळखतो ती उजेडातली उडी. या बल्बच्या बाजूच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, तोही याचसाठी. बल्ब उलटा बसून ५ आणि २१ ची अदलाबदल होऊ नये.

दादाच्या गाडीत नवा २१ वॅटचा बल्ब पार्किंगच्या वायरवर होता. म्हणजे ब्रेक न दाबताच ब्रेकइतका उजेड. त्यावर खरा ब्रेक लागला तरी उडी छोटीच पडणार. बेस मॉडेल असल्याने मागच्या काचेतला वरचा ब्रेक लाइटही नव्हता. म्हणून इशारा द्यायला दुसरं काहीच उरलं नाही.

फॉग लॅम्पसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत एक अट आहे, ती इथे फार बोलकी आहे. मागचा फॉग लॅम्पही लाल आणि तेजस्वी असतो, म्हणून तो आणि ब्रेक लाइट यांच्यात किमान १० सेंटिमीटर अंतर लागतं. नाहीतर एक दुसऱ्यात मिसळतो. आम्ही ब्रेकला चिकटूनच सतत जळणारा लाल दिवा लावून बसलो होतो.

फ्यूज उडाला नाही म्हणजे सगळं ठीक?

बारावीचं फिजिक्स आठवा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. मागच्या दोन टेल बल्बांचे मिळून १० वॅट, म्हणजे एक अँपिअरपेक्षाही कमी करंट. त्यात २१-२१ चे दोन वाढवले की झाले ५२ वॅट, म्हणजे चार अँपिअरच्या वर. वायर तीच, बटण तेच, करंट पाचपट. फ्यूज कदाचित उडणार नाही, पण टेप गुंडाळून दिलेला जोड तापत राहील. आणि फ्यूज उडालाच तर आपल्याकडे सोपा उपाय ठरलेला आहे, मोठा फ्यूज टाका. तो सगळ्यात वाईट. फ्यूज हा वायरला वाचवायला असतो. मोठा टाकला की फ्यूज टिकतो आणि वायर जळते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. २१ वॅटचा ब्रेक बल्ब एका वेळी काही सेकंद लागतो आणि विझतो. तोच बल्ब पार्किंगवर लावला की तासन् तास जळतो. साध्या बल्बला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेतच जातो. ती उष्णता त्या बंद खणात कोंडते. आठवडाभरात आमच्या चौथ्या खणाच्या आतला चकचकीत थर पिवळट पडला आणि होल्डरभोवतीचं प्लास्टिक नरम झालं. सिलिकॉन सुटल्यावर गाडी धुताना पाणीही आत गेलं.

"मग एलईडी लावू" हे पुढचं वाक्य असतं. एलईडी तापतो कमी आणि करंटही कमी घेतो, हे खरं. आणखी एक फायदा आहे. साध्या बल्बची फिलामेंट पूर्ण तेजाने पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा घेते, एलईडी लगेच लागतो. ताशी ६० च्या स्पीडला तेवढ्या वेळात गाडी तीन मीटरहून जास्त पुढे जाते. मागच्याला एवढं अंतर फुकट मिळतं. पण तीन गोष्टी सांभाळा. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावू नका. त्याच्या उजेडात लाल भाग कमी असतो, त्यामुळे दिवा मंद आणि गुलाबीसर दिसतो. लाल काचेमागे लालच एलईडी. दुसरं, स्वस्त एलईडीत ५ आणि २१ मधला फरक बऱ्याचदा नीट नसतो, तोच तर जीवाचा आहे. तिसरं, इंडिकेटरला एलईडी लावला की तो भराभर लुकलुकतो, कारण गाडीला वाटतं एक बल्ब उडाला.

जादा दिवा वाईटच असतो का?

अजिबात नाही. उलट गाडीमागच्या एका जादा दिव्याने मोठं काम केलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन वोएवोडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींच्या मागे मधोमध एक जादा दिवा लावला. तो फक्त गाडीचा वेग कमी होताना लागायचा. १६० टॅक्सी तशाच ठेवल्या. १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारला तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा झाला. आज तुमच्या गाडीच्या मागच्या काचेत वर जो दिवा असतो, तो हाच.

गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. सगळ्यांच्या गाडीला तो दिवा आल्यावर, बऱ्याच वर्षांनी तिथल्या सरकारी संस्थेने हिशोब केला तेव्हा फायदा ४ टक्क्यांच्या आसपास उरला होता. नवं होतं तेव्हा लोक दचकून बघत, नंतर डोळे सरावले. तरी लाखो गाड्यांत ४ टक्के म्हणजे पुष्कळ माणसं.

आमच्या दिव्यात आणि त्या दिव्यात फरक काय? तो दिवा वेग कमी होतानाच लागायचा, एरवी बंद. आणि तो इतर दिव्यांपासून वेगळा होता. आमचा सतत लागून होता आणि ब्रेकला चिकटून होता.

आपल्याकडे या विषयाचं महत्त्व आकड्यांत बघायचं असेल तर केंद्र सरकारचा २०२२ चा अहवाल बघा. त्या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली. अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा मागून धडक बसण्याचा होता, पाचात एकाहून थोडा जास्त.

काचेवरची अक्षरं आणि कायद्यातली कलमं

टेललाइटच्या काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात. मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. 'आर' म्हणजे टेल, 'एस' म्हणजे ब्रेक, 'एफ' म्हणजे मागचा फॉग, 'एआर' म्हणजे रिव्हर्स, '२ए' म्हणजे मागचा इंडिकेटर. सोबत गोलातला 'ई' आणि एक आकडा असला तर तो आंतरराष्ट्रीय मंजुरीचा शिक्का. म्हणजे दिवा कोणत्या कामासाठी तपासला आहे ते काचेवरच लिहिलेलं असतं. दादाने आणलेल्या जोडीवर एकही अक्षर नव्हतं. आणताना आम्ही फक्त चमक बघितली होती.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबर प्लेटचा दिवा असे थोडे अपवाद सोडले तर मागे लाल सोडून दुसरा रंग दाखवता येत नाही. निळा, जांभळा, रंग बदलणाऱ्या पट्ट्या यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे दुकानदाराने बसवून दिलं तरी उत्तर द्यायचं मालकाला.

रात्री दहा मिनिटं: तुमची गाडी तपासा

• मित्राला गाडीमागे पन्नास पावलांवर उभं करा. लाइट लावून ब्रेक दाबा-सोडा. त्याने प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं पाहिजे.
• ब्रेक दाबून इंडिकेटर द्या. तो नारंगी आणि वेगळा दिसतो का?
• मित्र नसेल तर गाडी रिव्हर्स करून भिंतीजवळ लावा आणि भिंतीवरचा उजेड आरशात बघा.
• अर्धा तास लाइट चालू ठेवून दिव्याच्या काचेला हात लावा. चटका बसला तर बल्ब चुकीचा आहे.
• बल्ब बदलताना टोपीवरचे वॅट तेच आहेत ना, बघा. फ्यूजचा आकडा कधीही वाढवू नका.
• टेललाइटवर काळी फिल्म नको. बाइकलासुद्धा नको.

मामाची ट्रॉली

आम्ही पुन्हा काकांकडे गेलो. चौथ्या खणातले बल्ब काढले, वायरचे जोड सोडवले. नागपूरची जोडी उतरवली आणि जुने, कंपनीचे दिवे परत बसवले. डावीकडचा रिव्हर्सचा बल्ब मात्र ठेवला, कारण याच गाडीच्या वरच्या मॉडेलला तो कंपनीकडूनच येतो आणि आमच्या जुन्या दिव्यातही त्यासाठी होल्डरची जागा होती. काकांनी पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, "मी तं तवाच पुसलो होतो."

राहिली ती ट्रॉली. त्या रात्रीची ट्रॉली कोणाची होती माहीत नाही, पण तशीच एक आमच्याच अंगणात उभी होती. मामाची. तिलाही मागे काही नव्हतं. मी मामाला म्हटलं, लाल रिफ्लेक्टर पट्टी लावू या. मामा हसला, "धानाच्या ट्रॉलीले का लग्नात जावाचं आहे, सजवाले?" मी त्याला सोललेला गुडघा दाखवला. मग तो स्वतःच ओला फडका घेऊन आला आणि फळकुटावरचा चिखल पुसायला लागला. मागे लाल, बाजूंना पिवळी, अशी पट्टी आम्ही तिघांनी मिळून चिकटवली. तिला वायर लागत नाही, फ्यूज लागत नाही, बल्ब लागत नाही. मागून येणाऱ्याच्या हेडलाइटवरच ती चमकते.

संध्याकाळी दादा कार घेऊन रस्त्याच्या टोकाला गेला आणि तिथून हेडलाइट मारले. ट्रॉली लखलखली. त्याने फोटो काढला. यावेळी स्टेटस मामाच्या ट्रॉलीचं होतं.